पैसे ज्यांचे आधी आले, खोली त्यांची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवेआगरला दोन खोल्यांचा होमस्टे आहे, ३१ डिसेंबरला एकाच खोलीवर दोन बुकिंग आलीत. एक ऑनलाइन, पूर्ण पैसे भरलेलं. दुसरं दरवर्षी येणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाचं, फोनवर तोंडी. कोणाला नाही म्हणायचं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

ओळखीच्यांना नाही म्हणा. आजच.

तुम्ही पुढे लिहिलंय, "ऑनलाइनवाल्यांना कुठेही मिळेल, जुनी माणसं मात्र कायमची दुखावतील." हेच वाक्य मी माझ्या थोरल्या दिरांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते ऐकून मी जे केलं त्याची टोचणी अजून गेलेली नाही. म्हणून लांबलचक लिहिते.

आमचं घर मालवण तालुक्यात, मसुऱ्याच्या अलीकडे. तीन खोल्या पाहुण्यांसाठी, दोन खाली आणि एक माडीवर. आमचा खरा हंगाम म्हणजे आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. कौल लागतो, तारीख जाहीर होते, आणि त्या क्षणापासून मुंबईतला चाकरमानी रेल्वेच्या तिकिटामागे आणि आम्ही फोनमागे. दीड दिवसाची जत्रा, पण त्या दोन रात्रींसाठी तालुक्यात खाट मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी तारीख जाहीर झाली त्या संध्याकाळी भावोजींनी भांडुपच्या एका मित्राला सांगून टाकलं, "या, घर आपलंच आहे." मग आमच्या ह्यांना फोन केला. ह्यांनी ते डोक्यात ठेवलं, भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिलं नाही, मला सांगितलं नाही. ऑनलाइन कॅलेंडर उघडंच होतं. त्याच रात्री कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी खालची मागची खोली घेतली आणि सगळे पैसे भरले. सोबत निरोप होता: आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तळमजलाच हवा, तिला देवीची ओटी भरायची आहे. मी लिहिलं, काळजी करू नका.

घोळ कळला तो जत्रेच्या सहा दिवस आधी. बाकी दोन खोल्या केव्हाच गेलेल्या. मी भावोजींना म्हटलं, तुमच्या मित्राला सांगा, पैसे कोल्हापूरवाल्यांचे आलेत. ते भडकले. "ती आपली माणसां गो, तेंका खंय धाडतलंस? कोल्हापूरवाल्यांका खंय पण गावात." म्हणजे त्यांना कुठेही मिळेल. वर, घर आमच्या बापाशीचं, हेही ऐकवलं. ह्यांनी मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, मोठ्या भावाचा शब्द मोडू नकोस.

आणि मी काय केलं, तर काहीच नाही. पाच दिवस. कोणीतरी रद्द करेल, शेजारी कुठे खोली निघेल, अशा आशेवर रोज उद्यावर ढकललं. आदल्या दिवशी सकाळी भांडुपची मंडळी कोकणकन्येने कणकवलीला उतरून घरी आली, आंघोळी करून घावणे आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाराला बसली, तेव्हा मी कोल्हापूरला फोन लावला. लागला नाही. ते तोवर राधानगरीच्या पुढे, दाजीपूरच्या जंगलात, रेंजबाहेर होते.

चार वाजता गाडी दारात. आजी हळूहळू उतरल्या. हातातल्या पिशवीत साडी, खण, नारळ. मी अंगणातच सांगितलं. चार किलोमीटरवर एका ओळखीच्या घरी मिनतवाऱ्या करून एक खोली मिळवली होती, पण माडीवरची. मी त्यांच्यासोबत गेले. चौदा पायऱ्या. आजी एकेका पायरीवर बसत, हातांनी स्वतःला वर ओढत गेल्या. मुलगा मागून आधार देत होता, सून पिशवी धरून खाली उभी होती. कोणी आवाज चढवला नाही. खाली आल्यावर ते गुरुजी मला एवढंच म्हणाले, "सहा दिवस आधी सांगितलं असतंत तर मी कणकवलीत लॉज घेतला असता." मला कधीपासून माहीत होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सहज सहा म्हटलं. बरोबर सहाच होते.

पैसे परत केले, त्या घरचं भाडं मी भरलं. पायऱ्यांची भरपाई कशी करणार?

तर तुमच्या ३१ डिसेंबरबद्दल. ओळखीच्या माणसाला तुम्ही आज फोन केलात तर तो रागावेल, पण त्याच्या हातात दिवस आहेत, तुमचा नंबर आहे, आणि शेजारच्या कोणाकडे तरी खोली मिळवून द्यायला तुम्ही आहात. परक्याजवळ यातलं काही नाही. त्याच्याजवळ फक्त तुमचा "हो" आहे आणि त्यावर त्याने पैसे टाकलेत. "त्याला कुठेही मिळेल" असं म्हणणाऱ्यांनी ३१ डिसेंबरला संध्याकाळी कुठल्याही किनाऱ्यावर स्वतः खोली शोधून बघावी.

व्यवहाराचंही सांगते. एअरबीएनबी या खोल्या बुक करायच्या साइटवर होस्टने, म्हणजे घरमालकाने, रद्द केलं तर ३० दिवसांहून आधी बुकिंगच्या रकमेच्या १० टक्के, ३० दिवस ते ४८ तासांच्या दरम्यान २५ टक्के आणि ४८ तासांच्या आत ५० टक्के कापून घेतात. शिवाय त्या तारखा तुमच्या कॅलेंडरवर बंद होतात. मला हा नियम रास्त वाटतो. पण दंड नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर दोन खोल्यांना विकतचं काही लागत नाही. दोन साइटवर असाल तर त्यांची कॅलेंडरं एकमेकांना जोडा, पण ती लगेच जुळत नाहीत, मध्ये काही तास जातात, आणि गर्दीच्या दिवसांत गोंधळ नेमका त्याच तासांत होतो. म्हणून दिवाळी, नाताळचा आठवडा आणि मे महिन्याला आपोआप कन्फर्म होणारं बुकिंग बंद ठेवा, विनंती येऊ दे, मग स्वीकारा. जत्रेची तारीख आधी कळत नाही म्हणून मी फेब्रुवारी पूर्ण बंद ठेवते आणि तारीख लागली की हाताने उघडते. आणि फोनवर "हो" म्हणण्याआधी, समोरचा लाइनवर असतानाच, तारीख बंद करायची. खरा घोळ सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. घरातले तीन जण तीन ठिकाणी शब्द देत असतात, तिथे असतो. बुकिंग एकाच माणसाने घ्यावं. आमच्याकडे आता ते मी घेते. निम्मी रक्कम आल्याशिवाय खोली अडवत नाही, मग पाहुणा भांडुपचा असो की सख्ख्या मामाकडचा. भावोजी म्हणतात, घराचं लॉज केलंस. घर त्यांच्या वडिलांचंच आहे, नाकारत नाही. पण दारात उभं राहून माणसं परत पाठवायला ते नव्हते, मी होते. शब्द त्यांनी द्यायचा आणि तो मोडायला मी उभं राहायचं, हे मी पुन्हा करणार नाही.

हो, एक राहिलं. तुमच्या ओळखीच्यांनी आधी काही रक्कम पाठवली असेल, अगदी पाचशे रुपये, आणि ती ऑनलाइन बुकिंगच्या आधीची असेल, तर माझं सगळं उत्तर उलटं वाचा. मग खोली त्यांची, आणि दंड तुम्ही भरायचा. आणि दोघांपैकी कोणाकडे म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर आधी दोघांना फोन करून विचारा, कधी कधी धडधाकट माणूस आपणहून सरकतो. मी तेही विचारलं नव्हतं. भांडुपच्या मंडळींत दोन तरणे मुलगे होते, त्यांना ती माडी चालली असती.

आधी शेजारच्या दोन-तीन होमस्टेवाल्यांना विचारून एक खोली धरून ठेवा, भाड्यात फरक पडला तर तो तुम्ही द्या, आणि मग ओळखीच्यांना फोन करा. मेसेज नको, फोन.