उशीखालचं पुस्तक

प्रिय ताई,

मी 61 वर्षांची. शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला, निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं. हे माझ्या आधी तीन वर्षं निवृत्त झाले. मुलं आपापल्या संसारात आहेत, पैशाची ओढाताण नाही, तब्येती बऱ्या आहेत. पहिले सहा महिने फार छान गेले. कपाटं आवरली, राहून गेलेल्या गाठीभेटी घेतल्या. आता मात्र दिवस खायला उठतो. पुस्तक हातात घेतलं की अर्ध्या तासात उठावंसं वाटतं. दुपारी वाचत असताना दार वाजलं तर मी पुस्तक उशीखाली सरकवते. का, ते माझं मलाच कळत नाही. नाटकाची मला फार हौस. पण हे मध्यंतराच्या आधीच पेंगायला लागतात आणि घरी येताना नाटकाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. घरी टीव्ही मात्र एवढा मोठा लावतात की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

गेल्या महिन्यात आम्ही आठ दिवस समुद्रकाठी राहून आलो. हे सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसायचे. मी रोज काय काय बघायचं याची यादी करायचे. तिसऱ्या दिवशी भांडण झालं. "तू सुट्टीतसुद्धा हजेरी घेतेस," असं म्हणाले, ते मला फार लागलं. आता यांना तिथेच महिनाभर जाऊन राहायचंय. म्हणतात, तिथे बरं वाटतं, कोणाशी बोलावं लागत नाही. मला नुसत्या विचाराने धडकी भरते. ताई, मला स्वस्थ बसणं येतच नाही का? आता या वयात शिकता येईल का?

– एक निवृत्त शिक्षिका

प्रिय बाई,

इतकी वर्षं सगळे तुम्हाला बाई म्हणत आले, म्हणून मीही बाईच म्हणते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा ते तुमच्या अस्वस्थपणाचं पत्र वाटलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती तुमच्या यजमानांची आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी उशीखालच्या पुस्तकाबद्दल बोलू या.

ते वाक्य वाचून पोटात तुटलं. नोकरी संपल्यावर जवळजवळ वर्षभर मी दुपारी वाचायला बसताना मांडीवर घडी घालायचे कपडे घेऊन बसत असे. कोणी आलं की हात आपोआप कपड्यांकडे जायचा. वाचू नकोस असं मला घरात कोणीही कधी म्हटलं नव्हतं. पण आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या हाकेला ओ देत आलेल्या माणसाला रिकामा हात दिसू देण्याची लाज वाटते, आणि ती लाज नोकरीबरोबर निवृत्त होत नाही. ती आपणच रोज थोडी थोडी सोडावी लागते. मी काय केलं ते सांगते. घडीचे कपडे दुसऱ्या खोलीत ठेवले, दार वाजलं की पानात बोट घालून तसंच पुस्तक हातात धरून दार उघडायला जायला लागले. पहिले आठ-दहा दिवस अवघड गेले. मग एक दिवस शेजारणीने पुस्तकाकडे बघून विचारलं, "तुमचं झालं की मला द्याल?" तुम्हीही तेवढंच करून बघा.

आणि पहिले सहा महिने छान जाऊन मग दिवस खायला उठणं, यात तुमचं काही चुकलेलं नाही. रॉबर्ट अ‍ॅचली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले. त्यांत सुरुवातीला नव्या नवलाईचे दिवस असतात, मग एक पोकळी येते, आणि त्यानंतर माणूस आपला दिवस नव्याने बसवायला लागतो. प्रत्येकजण याच क्रमाने जातो असं नाही, पण तुम्ही जिथे आहात ती जागा ओळखीची आहे. आपल्याला हे कोणी शिकवलं नाही, कारण शिकवणारे फारसे नव्हतेच. जर्मनीत 1889 साली कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट 70 वर्षांची होती आणि तेवढं आयुष्य मोजक्यांच्याच वाट्याला यायचं. काम संपल्यावर हाती धडधाकट पंधरा-वीस वर्षं उरणं ही एवढ्या लोकांच्या बाबतीत अगदी अलीकडची गोष्ट आहे. ती कशी घालवायची हे आपल्या आजीला विचारावं, तर आजीला ती मिळालीच नव्हती.

आता मला एक सांगा, तुमच्या शाळेत तास किती मिनिटांचा असायचा? 35 की 40? तुम्ही लिहिता, अर्ध्या तासात उठावंसं वाटतं. बाई, तुमच्या आत अजून घंटा वाजतेय. इतकी वर्षं दर तासाला वर्ग बदललेल्या माणसाला तीन तास एका खुर्चीत बसता येत नाही, हा काही दोष नव्हे. मग त्या घंटेशी भांडायचं कशाला? अर्धा तास वाचा, उठा, घरात एक फेरी मारा, खिडकीशी उभ्या राहा आणि पुन्हा बसा. दिवसात असे चार तास झाले तरी महिन्याला बरीच पुस्तकं होतील. आणि वाचताना हातात पेन्सिल ठेवू नका. उत्तरपत्रिका तपासलेला हात पेन्सिल मिळाली की चुका शोधायला लागतो. पन्नास पानांत पुस्तकाने धरलं नाही तर खुशाल बाजूला ठेवा, त्याला नापास केल्यासारखं वाटून घेऊ नका. पूर्वी आवडलेलं पुस्तक पुन्हा वाचण्याइतकं सुख तर दुसऱ्या कशात नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक साधी शंका उजेडाचीही आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि बाहुली पूर्वीइतकी मोठी उघडत नाही, त्यामुळे साठीनंतर त्याच पानासाठी बराच जास्त उजेड लागतो. खोलीच्या छतावरचा दिवा पुरत नाही. खांद्यामागून थेट पानावर पडणारा दिवा घ्या, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. डोळे शिणले की मन उडालं असं आपल्याला वाटतं आणि पुस्तक उगीच बदनाम होतं.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. तुम्ही चार गोष्टी चार ठिकाणी लिहिल्यात, म्हणून त्या एकत्र दिसल्या नसतील. नाटकात पेंगतात. घरी येताना नाटकाबद्दल बोलत नाहीत. टीव्ही मोठा लावतात. आणि समुद्रावर बरं वाटतं, कारण तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. बाई, मला वाटतं त्यांना नीट ऐकू येत नसावं. मी डॉक्टर नाही, माझा अंदाज चुकेलही. पण तो तपासून बघण्याजोगा आहे.

वयाबरोबर कमी होणारं ऐकणं फार फसवं असतं. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा नाजूक भाग मात्र हरवतो. म्हणून अशा माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. "मला ऐकू येतं, तूच पुटपुटतेस," असं तो म्हणतो आणि ते त्याच्यापुरतं खरंच असतं. समोरासमोर, शांत खोलीत त्याचं निभतं. ओठांच्या हालचाली आणि संदर्भ यांवरून मेंदू गाळलेल्या जागा भरत राहतो. पण नाट्यगृहात अंधार, अंतर, पार्श्वसंगीत, त्यात आजूबाजूच्यांचा हशा. तिथे तासभर गाळलेल्या जागा भरणं हे जबर कष्टाचं काम आहे. माणूस थकतो, मग सोडून देतो आणि डोळे मिटतो. घरी येताना काय बोलणार? विनोद कळला नाही हे बायकोला सांगण्यापेक्षा गप्प बसणं सोपं.

हे तुमच्याच घरात घडतंय असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढच्या दर चार माणसांत एकाहून अधिक जणांची श्रवणक्षमता दैनंदिन व्यवहारात अडचण येण्याइतकी कमी झालेली असते. कित्येकजण वर्षानुवर्षं तपासणीच करत नाहीत. चष्मा लावायला कोणी लाजत नाही, पण कानात यंत्र म्हटलं की माणूस आडवा येतो.

म्हणून हा विषय कसा काढायचा, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. "तुम्हाला ऐकू येत नाही" असं म्हणू नका, ते पुन्हा हजेरी घेतल्यासारखं वाटेल. असं म्हणून बघा: "मला नाटक बघून झाल्यावर तुमच्याशी बोलायचं असतं, आणि ते होत नाही याचं मला वाईट वाटतं. आपण दोघंही एकदा कान तपासून घेऊ." दोघंही, हे महत्त्वाचं. तुमचीही साठी उलटलीय. तपासणीत काही दुखत नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान बघायचा. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की काम होतं. तसं नसेल तर ऑडिओमेट्री करतात. बंद खोलीत वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवून कुठला किती कमी ऐकू येतो त्याचा आलेख काढतात. मात्र एकाच कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

नाटकं सोडू नका. रात्रीच्या प्रयोगाऐवजी दुपारचा बघा. वय वाढतं तसं शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, संध्याकाळीच झोप येऊ लागते आणि पहाटे जाग येते, त्यामुळे पेंगण्याचं थोडं कारण तेही असू शकेल. जागा पुढच्या रांगांत, मधोमध घ्या, म्हणजे नटांचे चेहरे दिसतील. नाटक छापील मिळत असेल तर दोघं आधी वाचून जा. गोष्ट माहीत असली की शब्द पटापट लागतात. आणि अगदीच नाही जमलं तर मैत्रिणीबरोबर जा, त्यांना घरी राहू द्या. नवरा-बायकोची प्रत्येक हौस एकच असली पाहिजे, हे मला कधीच पटलेलं नाही.

राहिला समुद्र. महिनाभर नको, ही तुमची भीती मला मान्य आहे. पण आठ दिवसही पुरे नाहीत. तिसरा दिवस सगळ्यांचाच वाईट जातो. नवी जागा संपलेली असते आणि स्वस्थपणा अजून आलेला नसतो. तुम्ही नेमक्या तिथेच भांडलात. बारा-पंधरा दिवस जा. सुट्टीचा हंगाम टाळा. तळमजल्यावरची खोली घ्या, न्हाणीघरात धरायला काही आहे का आणि दवाखाना किती लांब आहे ते आधी विचारा. सकाळ ज्याची त्याची. ते खुर्ची टाकून बसोत, तुम्ही हवं तिथे भटका. दिवसातून एकदाच भेटीची वेळ ठरवा, आणि ती ओहोटीची असू द्या.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय. तुम्हाला वेळापत्रकाशिवाय चैन पडत नाही ना? समुद्राचंही वेळापत्रक असतं. ते मुलांना तुम्ही फळ्यावर आकृती काढून शिकवलंत: बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण 50 मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. पण त्या सगळ्या वर्षांत एक अख्खी ओहोटी, पाणी मागे सरायला लागल्यापासून पुन्हा वळेपर्यंत, बसून कधी पाहिलीत का? सहा तास लागतात. तेवढा वेळ एकदा तरी द्या. वही हवी तर घ्या, वाळूत काठी रोवून पाणी कुठवर आलं ते लिहा. ही हजेरी घेतलीत तर तुमचे यजमानही रागावणार नाहीत, उलट काठी रोवायला येतील. ओहोटीच्या वेळची ओली घट्ट वाळू गुडघ्यांनाही सोसते. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालणं फार दमवतं. खडकांच्या पलीकडे चालत जायचं असेल तर पाणी कधी वळणार हे बघूनच निघा.

तपासणी आधी आणि बुकिंग नंतर, हा क्रम मात्र बदलू नका. यंत्र लागलंच तर त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात. सुरुवातीला भांड्यांचा, कागदाचा आवाजही टोचतो, माणूस वैतागून ते काढून ठेवतो. तेवढे आठवडे घरच्या शांततेत जाऊ द्या. मग समुद्रावर जा. खाऱ्या पाण्यात उतरण्याआधी यंत्र काढून डबीत ठेवायचं, वाळू लागू द्यायची नाही.

लाट फुटल्याचा घुमणारा आवाज खालच्या पट्टीतला असतो, तो त्यांना बहुधा गेल्या महिन्यातही ऐकू आला असेल. पाणी परत जाताना वाळूतून जी बारीक सळसळ होते, ती वरच्या पट्टीतली. ती त्यांनी ऐकल्याला कदाचित बरीच वर्षं झाली असतील. तेव्हा शेजारी असा.

– तुमची ताई