पूर्वजांचं जुनं चित्र भाऊ लंडनला विकतोय, माझा हक्क आहे का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की १८२० च्या सुमाराचं, पूर्वज कुटुंबासकट बसलेत असं कागदावरचं चित्र आहे, मागे मोडीत नाव, आजोबांच्या वाटणीत ते वडिलांकडे आलं, वडील २०१५ ला मृत्युपत्र न करता गेले, आणि दादा आता लंडनच्या गिऱ्हाइकाला ते देतोय नि तुम्हाला म्हणतोय लग्न करून दिलंय, हक्कसोडपत्रावर सही कर.

सही करू नका. अशा कागदात बरेचदा 'सर्व स्थावर-जंगम मिळकत' असं हळूच घातलेलं असतं, चित्रापायी वाड्यातला हिस्सा पण जाईल. लग्नाचा खर्च केला म्हणून मुलीचा हक्क संपत नाही. चित्र वडिलोपार्जित धरा नाहीतर वडिलांचं स्वतःचं, आई आणि तुम्ही दोघं भावंडं एवढेच वारस असाल तर हिशेब दोन्हीकडून तिसऱ्या हिश्श्यावरच येतो. वाटणीपत्रात चित्राचा उल्लेख आहे ना ते मात्र बघा, नसेल तर चुलत भावंडं पण हिस्सा मागतील.

आता लंडनचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांवरचं चित्र खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड, मग मालक कोणी का असेना. शिवाय अशा चित्राची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद लागते, ती नसेल तर तो वेगळा गुन्हा, आणि नोंदलेलं चित्र हस्तांतर केलं तरी कळवावं लागतं. हे आईसमोर दादाला सांगा, वकिलाच्या नोटिशीआधी. परदेशातला भाव हातातून गेला की निम्मी घाई तिथेच उतरेल असं मला वाटतं. भारतात विकायला हरकत नाही, पण तिघांच्या संमतीने, आणि भांडवली नफ्यावर कर पडतो.

नाहीच ऐकलं तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा आणि सोबत मनाईहुकुमाचा अर्ज. चित्राचे तुकडे होत नाहीत, म्हणून १८९३ च्या वाटप कायद्याखाली निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेले विक्री मागू शकतात, म्हणजे आई कुठल्या बाजूला यावर बरंच अवलंबून आहे, पण त्यांनी विक्री मागितली तर कोर्ट ठरवेल त्या किमतीला तुम्ही त्यांचा हिस्सा विकत मागू शकता, चित्र घरात ठेवायचंय म्हणता तर हाच रस्ता.

आधी चित्राचे पुढून-मागून फोटो काढा, मोडी मजकूर जाणकाराकडून वाचून घ्या आणि वाटणीपत्राची नक्कल मिळवा, चित्र अजून घरात आहे तोवरच.