नववीला सेन्सॉरशिप शिकवताना

व्याख्येने नको, पालघरपासून सुरुवात करा. नोव्हेंबर 2012 मध्ये तिथे फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द केलं, 69अ मात्र कायम ठेवलं. मुलं हमखास इथेच गोंधळतात, म्हणून फळ्यावर दोन रकाने पाडा: 66अ लिहिणाऱ्याला शिक्षा करणारं, 69अ मजकूर अडवण्याचा अधिकार सरकारला देणारं. 69अ खालच्या 2009 च्या नियमांतली, मजकूर अडवण्याच्या विनंत्या आणि कारवाई गुप्त ठेवण्याची तरतूद जरूर सांगा; साइट का बंद झाली हे आपल्याला सहसा का कळत नाही, ते त्यातून उलगडतं. मग ऑस्ट्रेलिया: डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं नाही; दंड कंपनीला, मुलांना नाही. यावर मुलांना मनसोक्त भांडू द्या, निकाल तुम्ही देऊ नका.