इम्प्लांटवरचा पहिला क्राउन बसवताना

अभिनंदन! इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावर) क्राउन, म्हणजे दाताची टोपी, बसवायची तुमची पहिली केस एकाच दाताची घेतलीत, हे उत्तम. ब्रिजचं (अनेक दातांच्या जोडलेल्या क्राउनचं) फिटिंग सध्या बाजूला ठेवा.

नैसर्गिक दाताभोवतीचा लिगामेंट (दात हाडाला जोडणारे तंतू) थोडं दबून घेतो. इम्प्लांट थेट हाडात घट्ट असतो, तो सरकून जुळवून घेत नाही. म्हणून चूक इंप्रेशनमध्येच (तोंडाच्या मापात) पकडायची. कोपिंग (माप घेताना इम्प्लांटवर लावायचा तुकडा) आणि इम्प्लांटमध्ये हिरडीचा कण अडकला तरी पुढचं सगळं चुकतं. कोपिंग घट्ट केल्यावर पेरिॲपिकल (मुळापर्यंतचा छोटा) एक्स-रे काढाच, तोही पॅरलल (फिल्म इम्प्लांटला समांतर ठेवून); ट्यूब तिरकी झाली तर फट दिसतच नाही. ठाण्याहून लॅबचा माणूस इंप्रेशन घेऊन लोकलने वाशीला जाणार, तेव्हा अल्जिनेट नको, ते वाटेत वाळून आकसतं. ॲडिशन सिलिकॉन (आकार टिकवणारं माप-मटेरियल) वापरा.

क्राउन आला की क्रम मोडू नका:

१. आधी शेजारच्या दातांशी होणारे स्पर्श, म्हणजे कॉन्टॅक्ट. फ्लॉस (दातांमध्ये घालायचा धागा) किंचित अडून गेला पाहिजे. कॉन्टॅक्ट घट्ट असेल तर क्राउन अधांतरी राहतो आणि नवशिके उगाच चावा घासत बसतात. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.
२. मग एक्स-रेवर मार्जिन (क्राउनची कड नीट बसली का).
३. चावा शेवटी. हलक्या चाव्यात शिमस्टॉक (दातांमध्ये धरायची अतिपातळ पट्टी) सुटून यावा, जोरात चावल्यावर पकडला जावा.

लॅबमधला स्क्रू तोंडात नको, नवा घ्या. टॉर्क (स्क्रू आवळायचा जोर) कंपनीच्या पत्रकाप्रमाणे, बऱ्याच सिस्टीमना ३० ते ३५ न्यूटन सेंटीमीटर. दहा मिनिटांनी पुन्हा तेवढाच द्या, कारण पहिल्या आवळणीनंतर पृष्ठभाग बसतात आणि ताण थोडा उतरतो.

शक्य तिथे स्क्रूवालाच क्राउन निवडा. क्राउन सिमेंटने चिकटवला तर हिरडीखाली राहिलेलं सिमेंट इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजवतं.