सिनिअरनी शिकवलेलं विद्यार्थ्यांना आवडतं का?

प्रश्न असा आहे: एमबीबीएसच्या फायनल इयरच्या मुलांनी फर्स्ट इयरला क्लिनिकल स्किल्स (पेशंट तपासायची कौशल्यं) शिकवल्या, तर विद्यार्थ्यांना ते आवडतं का आणि नीट शिकून होतं का?

आवडतं. सिनिअर काही वर्षांपूर्वी त्याच जागी अडखळलेला असतो. सरांना ‘पुन्हा सांगा’ म्हणायला जीभ रेटत नाही, पण ‘दादा, कळलं नाही’ सहज निघून जातं. मराठी माध्यमातून आलेल्यांना शंका मराठीत विचारता येते, हेही थोडंथोडकं नाही.

तक्रारीही ठरलेल्या आहेत. दोन सिनिअर दोन गोष्टी सांगतात, बोलणं व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) प्रश्नांवर घसरतं, आणि येत नसलं तरी ‘मला माहीत नाही’ कुणी म्हणत नाही. त्यामुळे आवडलं म्हणजे बरोबर शिकले, असं अजिबात धरू नका. बरोबर शिकवलं जाण्याची तजवीज वेगळी करावी लागते.

बीपी मोजणं घ्या. आधी शिक्षकांनी सगळ्या सिनिअरना एकच चेकलिस्ट देऊन प्रत्येकाकडून ती करून घ्यावी: पेशंट ५ मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर, कफची (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची) खालची कड कोपराच्या खोबणीच्या २-३ सेंमी वर. मग नाडीवर बोट ठेवून, ती लागेनाशी होईपर्यंत कफ फुगवून सिस्टॉलिकचा (बीपीच्या वरच्या आकड्याचा) अंदाज, मग त्याच्या ३० मिमी (पाऱ्याच्या) वर कफ फुगवायचा आणि सेकंदाला २-३ मिमी वेगाने उतरवायचा. वॉर्डातल्या घाईत सिनिअरची नाडीची पायरी सुटलेली असते आणि ज्युनिअर तेच उचलतात. काही हायपरटेन्शनच्या (बीपी वाढलेल्या) पेशंटमध्ये हवा सोडताना स्टेथोस्कोपमधला आवाज मध्येच नाहीसा होऊन खाली परत येतो; नाडी न बघता कफ त्या मधल्या शांत टप्प्यापर्यंतच फुगवला तर सिस्टॉलिक फसवं कमी दिसतं. हवा भसकन सोडली तर सिस्टॉलिक कमी आणि डायस्टॉलिक (खालचा आकडा) जास्त येतं.

एका सिनिअरकडे ६ ज्युनिअर, वेळ ४५ मिनिटं. कौशल्य शिकवायच्या पेटन यांच्या चार पायऱ्या वापरा. सिनिअर न बोलता करून दाखवतो. मग समजावत करतो. मग ज्युनिअर सांगेल तेवढंच करतो. शेवटी ज्युनिअर स्वतः बोलत करतो. पहिल्या तीन १५ मिनिटांत, चौथीला प्रत्येकी ५. वेळ कमी पडला की तिसरी गाळतात, आणि गैरसमज नेमका तिथेच पकडता येतो: ज्युनिअर नाडी विसरून ‘आता स्टेथोस्कोप लावा’ म्हणाला, की सिनिअरने हात तिथेच थांबवायचा. दोघांना एकत्र ऐकू येणारा, कानाच्या दोन जोड्यांचा स्टेथोस्कोप मिळाला तर जरूर घ्या. नाहीतर ज्युनिअरने खरंच काय ऐकलं हे कळायला मार्ग नाही.

‘कसं वाटलं?’ विचाराल तर सगळे ‘छान’ लिहितील. नाव न घालता विचारा: कोणती पायरी अजून जमत नाही? कशाबद्दल दोन सिनिअरनी वेगळं सांगितलं? आठवड्याने त्याच चेकलिस्टवर शिक्षकांनी परीक्षा घ्यावी.

हे सगळं दिवसा, स्किल्स लॅबमध्ये, शिक्षक हजर असताना व्हावं. रात्री हॉस्टेलच्या खोलीत बोलावणं नकोच. फर्स्ट इयरच्या मुलाला तिथे ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि शिक्षकांचे तास यासाठी कापू नका. तास कापलेत हे मुलांच्या लगेच लक्षात येतं, आणि मग त्यांना हा उपक्रम म्हणजे टोलवाटोलवी वाटते.