१९०५–१९२० च्या काळात आइस हॉकी खेळून पोट भरायचं का? तेव्हाच्या व्यावसायिक खेळाडूचं करिअर कसं चालायचं?

नुसत्या खेळावर फार थोड्यांचं भागायचं. पूर्व कॅनडात तेव्हा बहुतेक ठिकाणी नैसर्गिक बर्फावर खेळत. डिसेंबरअखेर हंगाम सुरू व्हायचा आणि मार्चमध्ये बर्फ मऊ पडला की आटोपायचा. उरलेले नऊ महिने खायचं काय, हा खरा प्रश्न. म्हणून शहाणा खेळाडू करार करताना पैशाइतकीच बारमाही नोकरीही मागून घ्यायचा. त्या काळातला गाजलेला कॅनेडियन खेळाडू फ्रेड 'सायक्लोन' टेलर याच्या कारकिर्दीत हा हिशोब अगदी स्वच्छ दिसतो.

टेलर ऑन्टॅरियोतल्या लिस्टोवेल गावात वाढला. टोरंटोच्या मार्लबरोज संघाचं बोलावणं त्याने नाकारलं, तर प्रांतिक हौशी संघटनेने त्याला खेळायलाच बंदी केली. पैसे घेणं हा तेव्हा गुन्हा होताच, पण संघटनेच्या मर्जीबाहेर वागणंही महागात पडायचं. तो मॅनिटोबातल्या पोर्टेज ला प्रेरीला गेला आणि १९०६ च्या हंगामाच्या मध्यावरच तिथून अमेरिकेत, मिशिगनमधल्या हॉटनला. तांब्याच्या खाणींचा तो पट्टा. खाणीचा पैसा खुळखुळत होता आणि हिवाळ्यात करमणूक नव्हती. १९०४ साली सुरू झालेली पहिली उघडउघड व्यावसायिक लीग याच भागातली. उरलेल्या हंगामाचे ४०० डॉलर आणि वरखर्च, असा टेलरचा सौदा होता. १९०७ मध्ये लीग बंद पडली आणि सगळे खेळाडू मोकळे झाले.

आता त्यानंतर टेलरने ओटावाच्या संघाशी केलेला करार बघा. पैसे ५०० डॉलर, म्हणजे हॉटनच्या मानाने फार मोठी उडी नाही. पण सोबत केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्यात कारकुनी. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत फायद्याचा करार हाच, पुढचा गाजलेला नव्हे. ओटावात त्याला पुढच्या फळीतून काढून कव्हर पॉइंटला, म्हणजे बचावात खेळवलं. हे विचित्र वाटेल, पण नियम लक्षात घ्या: पुढे पास देता येत नव्हता. पक (हॉकीची रबरी चकती) पुढे न्यायचा तर स्वतः स्केटिंग करत न्यायचा. त्यामुळे मागून पक घेऊन वेगाने सगळ्यांना भेदत जाणारा एक माणूस म्हणजे अर्धा संघ. बदली खेळाडूही नावापुरते. साठ मिनिटं दम टिकवावा लागे. १९०९ मध्ये ओटावाने स्टॅन्ली कप, म्हणजे कॅनडातला हॉकीचा सर्वोच्च चषक, जिंकला.

मग आलं रेनफ्रू. ओटावाजवळचं छोटंसं गाव, पण तिथल्या ओब्रायन कुटुंबाकडे रेल्वेची कंत्राटं आणि चांदीच्या खाणींचा पैसा. १९१० च्या हंगामासाठी टेलरला ५,२५० डॉलर मिळाले. साखळी सामने १२, म्हणजे सामन्याला साधारण ४३७ डॉलर. बेसबॉलचा सर्वांत मोठा तारा टाय कॉब तेव्हा १५४ सामन्यांचे ६,५०० घेत होता, सामन्याला जेमतेम ४२. एवढं करून रेनफ्रू कप जिंकू शकलं नाहीच.

टेलरने उलटं स्केटिंग करत गोल मारल्याची प्रसिद्ध गोष्ट इथलीच. ओटावातल्या सामन्यात तसा गोल झाला नाही. परतीच्या सामन्यात, जो रेनफ्रूने १७–२ जिंकला, तो थोडं अंतर उलटा गेला, वळला आणि गोल केला. बाकीचा मसाला नंतरचा.

मालकांना ही चैन परवडणारी नव्हती. पुढच्याच हंगामात लीगने अख्ख्या संघाच्या पगाराला ५,००० डॉलरची मर्यादा घातली, म्हणजे गेल्या वर्षीच्या एकट्या टेलरपेक्षा कमी! खेळाडू चिडले, वेगळी लीग काढायची भाषा झाली, पण बर्फाची मैदानं मालकांच्याच ताब्यात. खेळणार कुठे? १९११ मध्ये रेनफ्रूचा संघ मोडला आणि टेलर मॉन्ट्रियलच्या वॉन्डरर्सच्या वाट्याला आला. त्याने नकार दिला, कारण नोकरी ओटावात होती. जवळजवळ अख्खा हंगाम तो बसून राहिला. नुसता खेळावर जगणारा असता तर हे जमलं नसतं.

तोडगा पश्चिमेतून आला. रेनफ्रूतले त्याचे जुने सोबती, पॅट्रिक बंधू, यांनी व्हँकुव्हरमध्ये कृत्रिम बर्फाचं मैदान बांधून स्वतःची लीग काढली होती. १९१२ मध्ये टेलर तिकडे गेला, इमिग्रेशनची नोकरीही व्हँकुव्हरला हलली. १९१५ मध्ये व्हँकुव्हरने ओटावाला तिन्ही सामन्यांत हरवून कप घेतला. टेलर १९२०–२१ पर्यंत तिथे खेळत राहिला.

भारतीय वाचकाने इथे थांबावं असा एक तपशील आहे. मे १९१४ मध्ये ३७६ प्रवासी घेऊन 'कोमागाता मारू' व्हँकुव्हर बंदरात आली. बहुतेक प्रवासी पंजाबी शीख. जहाजावर चढणाऱ्या पहिल्या कॅनेडियन अधिकाऱ्यांत टेलर होता. दोन महिने अडवून जहाज परत पाठवलं गेलं. हॉकीच्या गौरवकथांत हा भाग बहुधा एका ओळीत उरकतात. त्याच खात्यात चढत चढत तो ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनचा इमिग्रेशन आयुक्त झाला आणि १९५० मध्ये निवृत्त झाला.

शेवटी, जुने आकडे वाचताना एक पथ्य पाळा. १९१७–१८ मध्ये टेलरचे १८ सामन्यांत ३२ गोल दिसतील आणि त्याच वर्षी पूर्वेतल्या नव्या एनएचएलमध्ये (नॅशनल हॉकी लीग) जो मलोनचे २० सामन्यांत ४४. ही तुलना सरळ करू नका. पश्चिमेत अजून रोव्हर (ठरलेली जागा नसलेला, मैदानभर फिरणारा खेळाडू) धरून सात खेळाडू होते आणि मधल्या पट्ट्यात पुढे पास चालायचा. पूर्वेत सहाच खेळाडू आणि पुढे पास अजिबात नाही.