वाचकांचे प्रश्न : गर्दी जमली, पण माणसं मिसळली का?

प्रश्न : आम्ही आमच्या भागात वेगवेगळ्या भाषांच्या, धर्मांच्या लोकांना एकत्र आणायला एक कार्यक्रम केला. प्रत्येक गटाने स्टेजवर आपापलं नाच-गाणं सादर केलं, गर्दी मस्त होती, फोटोही भारी आले. पण नीट बघितलं तर जो तो आपल्याच लोकांत बसला होता आणि आपला आयटम संपला की घरी गेला. पुढच्या वेळी काय वेगळं करू?

उत्तर : कोण कुणाशेजारी बसलंय हे तुम्ही बघितलंत याचं मला खरंच कौतुक वाटलं, कारण बहुतेक आयोजक गर्दीवरच खूश होतात. लोक एका मांडवात आले म्हणून जवळ येतात असं नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडलं होतं की भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतात, पण काही अटींवर. त्या भेटीत दोन्हीकडच्यांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एकच हवं, ते एकमेकांच्या मदतीने गाठायचं असावं आणि संस्थेचा, नियमांचा त्याला पाठिंबा हवा. तुमच्याकडे एक गट वर स्टेजवर, बाकीचे खाली, मग अदलाबदल. सोबत मिळून करायचं असं काहीच नव्हतं ना.

त्याच वर्षी मुझफर शेरीफ या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुलांच्या शिबिरात एक प्रयोग केला. साधारण अकरा-बारा वर्षांची २२ मुलं, त्यांचे दोन गट, आधी त्यांच्यात मुद्दाम चुरस लावली आणि प्रकरण भांडणापर्यंत गेलं (मुलांना असं एकमेकांवर सोडणं मला अजिबात पटत नाही, पण पुढे जे दिसलं ते शिकण्यासारखं आहे). मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला, तर काय, जेवताना एकमेकांवर अन्न फेकायला लागले. फरक पडला तो शिबिराचं पाणी बंद झालं तेव्हा, कारण बिघाड कुठे आहे ते सगळ्यांनी मिळून शोधावं लागलं. नंतर ट्रक सुरू होईना म्हणून दोन्ही गटांनी दोर लावून तो ओढला आणि गंमत म्हणजे तो दोर रस्सीखेचीचाच, ज्याने ते आधी एकमेकांविरुद्ध खेळले होते! अशी कामं होत गेली तसं वैर ओसरत गेलं.

म्हणून स्टेज छोटं करा आणि काम मोठं ठेवा. बंद पडलेलं वाचनालय लावायचंय, भिंत रंगवायचीय, मुलांसाठी मैदान साफ करायचंय, काहीही चालेल, फक्त टीम बनवताना गट मिसळा आणि काम असं निवडा की ते एकट्या गटाला झेपणारच नाही. आणि प्लॅनिंगच्या पहिल्या मीटिंगपासून सगळ्यांना घ्या. सगळं ठरवून झाल्यावर ‘तुम्ही तुमचं एक गाणं बसवा’ म्हटलं की समोरचा पाहुणाच राहतो.

बोलणं घडवायचं असेल तर ह्यूमन लायब्ररी करून बघा. २००० साली डेन्मार्कच्या रॉस्किल्ड या संगीत फेस्टिव्हलमध्ये ही कल्पना पहिल्यांदा झाली. इथे पुस्तकाच्या जागी माणूस असतो, म्हणजे ज्याच्याबद्दल लोक न भेटताच मत बनवून बसलेले असतात असा कुणीतरी, आणि वाचक त्याच्यासमोर बसून थोडा वेळ मनातलं विचारतो. दोनच खुर्च्या, माइक नाही, शूटिंग नाही. नको असलेल्या प्रश्नाला ‘याचं उत्तर देणार नाही’ म्हणायची मोकळीक त्या माणसाला हवीच, आणि हे सुरुवातीलाच सगळ्यांना स्पष्ट सांगा.

प्रश्न : जनजागृतीच्या कार्यक्रमांना तीच तीच माणसं येतात. नवीन लोक कसे आणायचे?

उत्तर : जे येत नाहीत त्यांना उदासीन म्हणण्याआधी वेळ बघा. कामाच्या वेळेत ठेवलाय का? लहान मुलं कुठे ठेवायची? व्हीलचेअर आत जाते का, ऐकू न येणाऱ्यासाठी सांकेतिक भाषेत सांगणारं कुणी आहे का? एवढं केलं तरी बराच फरक पडतो. आणि पोस्टरपेक्षा ओळखीच्या माणसाने समोर येऊन ‘या हं नक्की’ म्हणणं कधीही जास्त चालतं.

दुसरं म्हणजे ऐकायला बोलावू नका, करायला बोलावा. एस्टोनियात ३ मे २००८ ला साधारण ५०,००० लोकांनी एका दिवसात देशभरातला सुमारे १०,००० टन कचरा उचलला, तेही लोकसंख्या जेमतेम तेरा लाख असलेल्या देशात. त्याआधी स्वयंसेवकांनी फिरून कचऱ्याचे ढीग नकाशावर नोंदवले होते, त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला आपण कुठे जायचं ते माहीत होतं.

प्रश्न : नागरिकांची सभा घेतो, लोक भरभरून सूचना देतात, पण पुढच्या सभेला निम्मेसुद्धा येत नाहीत. का?

उत्तर : कारण पहिल्या सूचनांचं काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. लोकसहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात नुसती माहिती देणं आणि नुसतं मत विचारणं या मधल्याच पायऱ्या आहेत आणि त्यांना त्यांनी दिखाव्यातच धरलंय. खरा सहभाग त्याच्या वर सुरू होतो, निर्णयातला वाटा हातात आला की.

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून बजेटचा काही भाग कशावर खर्च करायचा ते वस्त्यांच्या सभांमध्ये ठरायला लागलं. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वर्षाच्या पहिल्या फेरीत गेल्या वर्षी ठरलेल्या कामांचा हिशोब लोकांपुढे मांडला जायचा, नवीन मागण्यांवर चर्चा त्यानंतर. तुम्हीही हेच करा. मागच्या सूचनांची यादी भिंतीवर लावा, झालेलं, अडकलेलं, होणार नसलेलं असं स्पष्ट लिहा, आणि ‘होणार नाही’च्या पुढे कारण द्या, तेही सरळ भाषेत. त्या दिवशी तुमच्या हातात कुठला निर्णय आहे आणि कुठला नाही हे सभा सुरू होतानाच सांगून टाका, आणि जे हातात आहे त्यातलं किमान एक काम लोक घरी जायच्या आत तिथेच ठरवा, कोण करणार त्याच्या नावासकट.